पन्नास नंबरच्या हॉस्पिटलातला रुग्ण

७ जानेवारी १९६२, रविवार. मॉस्कोहून दुबनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बर्फ गोठून त्याची काच झाली होती. एका मोटारीत मागच्या सीटवर, उजव्या बाजूला सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लेव लँडाउ बसले होते. वय ५३, पंधरा दिवसांनी चौपन्नावा वाढदिवस. गाडी घसरली, आडवी झाली आणि समोरून आलेला ट्रक नेमका त्यांच्या बाजूवर आदळला. गाडी चालवणारा तरुण भौतिकशास्त्रज्ञ आणि त्याची बायको जवळजवळ धडधाकट बाहेर आले. गाडीत अंडी होती, तीसुद्धा फुटली नाहीत असं सांगतात. सगळा मार एकट्या लँडाउंनी खाल्ला.

आमच्या आयसीयूत नवे रेसिडेंट आले की मी त्यांना हे प्रकरण सांगतो. डोक्याच्या गंभीर दुखापतीचं शिकवायचं म्हटलं की मुलं पहिल्यांदा सीटीची फिल्म मागतात. इथे फिल्म नाही. मॉनिटर नाही, बेशुद्धी किती खोल ते मोजणारं ग्लासगो स्केल नाही, रक्तातल्या वायूंची चाचणी मिनिटभरात देणारं यंत्रही नाही. तरी रुग्ण जगला. कशामुळे जगला ते शोधताना या उपचारांतलं मूळ काय आणि वरची सजावट काय, हे आपोआप समोर येतं.

दाखल होताना

त्यांना मॉस्कोच्या ५० नंबरच्या सरकारी रुग्णालयात आणलं. ते काही मेंदूच्या शस्त्रक्रियेचं नावाजलेलं केंद्र नव्हतं, आसपासच्या वस्तीचं साधं इस्पितळ होतं. रुग्ण पूर्ण बेशुद्ध. कवटीचा तळ मोडलेला, मेंदूला जागोजागी मुका मार, बऱ्याच बरगड्या मोडून छातीत रक्तस्राव झालेला, पेल्व्हिसचं (कमरेच्या कड्याचं) हाड मोडलेलं, आणि अंगात शॉक, म्हणजे रक्तदाब पार ढासळलेला.

आज असा रुग्ण आला तर कॅज्युअल्टीतला इंटर्नसुद्धा मिनिटभरात सांगेल, ‘सर, जीसीएस अमुक.’ जीसीएस म्हणजे तेच ग्लासगो स्केल: डोळे, बोलणं आणि हालचाल यांची ३ ते १५ गुणांची मोजणी, आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. पण ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी हे स्केल मांडलं १९७४ साली. सीटी स्कॅनरवर पहिला रुग्ण झोपला तो १९७१ मध्ये, लंडनजवळच्या विम्बल्डनला. मॉस्कोतल्या त्या डॉक्टरांच्या हातात होता टॉर्च, रिफ्लेक्स बघायचा हातोडा, नाडीवरचं बोट आणि रक्तदाबाचा पट्टा. कवटीच्या आत गुठळी आहे की नाही हे बघायचं तर रक्तवाहिन्यांत औषध सोडून एक्स-रे काढायचा, नाहीतर कवटीला भोक पाडायचं.

नेमकं काय झालं असावं? माझं अनुमान सांगतो. बाजूनं धडक बसली की डोकं नुसतं पुढेमागे हलत नाही, मानेवर गर्रकन फिरतं. कवटी थांबते आणि आतला मऊ मेंदू पिळवटला जातो. मेंदूच्या खोल भागातले लांब धागे ताणून तुटतात. ऑक्सफर्डच्या सबिना स्ट्रिच यांनी १९५६ मध्ये, म्हणजे या अपघाताच्या सहाच वर्षं आधी, अशा रुग्णांच्या मेंदूत पांढऱ्या भागाचा ऱ्हास झालेला दाखवून दिला होता. पुढे त्याला डिफ्यूज ॲक्सोनल इंज्युरी हे नाव पडलं. मोठी गुठळी नाही आणि तरी आठवडेच्या आठवडे शुद्ध नाही, हे चित्र त्याच्याशी जुळतं. आजचा साधा सीटीसुद्धा अशा वेळी पुष्कळदा ‘ठीकच’ दिसतो, आणि नातेवाईक विचारतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहे तर पेशंट उठत का नाही?’

पहिली लढाई डोक्याबाहेरची

धडकेच्या क्षणी मेंदूचं जे नुकसान होतं ते झालंच. ते भरून काढणारं औषध १९६२ मध्ये नव्हतं आणि आजही नाही. क्रिटिकल केअर ज्याच्याशी झगडतं ते असतं दुसरं नुकसान: रक्तदाब पडल्यानं, प्राणवायू कमी पडल्यानं, सूज वाढल्यानं, तापानं, झटक्यांनी पुढच्या तासांत आणि दिवसांत होणारं. अमेरिकेतल्या कोमाच्या रुग्णांच्या नोंदींवरून १९९३ मध्ये एक गोष्ट स्पष्ट झाली. वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी मृत्यूचं प्रमाण साधारण दुप्पट दिसतं. म्हणून आज पन्नाशी-साठीच्या रुग्णात तो किमान १०० ठेवा, तरुणांत ११० ठेवा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

लँडाउंच्या बाबतीत रक्त गळायच्या दोन मोठ्या जागा होत्या, छाती आणि पेल्व्हिस. पेल्व्हिस मोडला की बाहेर एक थेंब न दिसता दोन-तीन लिटर रक्त आत साठू शकतं. अशा वेळी सगळ्यांची नजर डोळ्यांच्या बाहुल्यांवर खिळलेली असते आणि रुग्ण हातातून जातो तो पोटाखालच्या रक्तस्रावानं. मी स्वतः हे बघितलेलं आहे. ‘हेड इंज्युरी’ एवढा एकच शब्द केसपेपरवर लिहिलेला असला की बाकीचं शरीर अदृश्य होतं.

मग श्वास. मोडलेल्या बरगड्या, जखमी फुप्फुस आणि वर बेशुद्धी, त्यामुळे खोकून कफ काढणं शक्य नाही. श्वास उथळ पडत गेला. श्वासाचं यंत्र त्या रुग्णालयात नव्हतं. ते आणलं पोलिओच्या संशोधन संस्थेतून, आणि आणायला धावले ते भौतिकशास्त्रज्ञ. पोलिओच का, तर श्वासयंत्रांचा इतिहासच पोलिओनं लिहिलेला आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये साथ आली तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं, रुग्णाला आत ठेवून श्वास देणाऱ्या लोखंडी पेटीऐवजी, गळ्याला छिद्र पाडून, नळी घालून, हातानं फुगा दाबून श्वास द्यायला लावला. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीनं फुगा दाबत बसले. आयसीयूचा जन्म तिथला मानतात. दहाच वर्षांनी तीच युक्ती डोक्याच्या रुग्णाच्या कामाला आली. लँडाउंच्याही गळ्याला छिद्र करून नळी घातली गेली.

मेंदूच्या रुग्णात व्हेंटिलेटरचं काम प्राणवायू देण्यावर संपत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुलतात, आत रक्त जास्त भरतं आणि दाब चढतो. तो फार खाली नेला तर त्याच वाहिन्या आक्रसतात आणि मेंदूच उपाशी राहतो. आम्ही तो ३५ ते ४५ मिलिमीटर पाऱ्यामध्ये ठेवतो, बहुधा ३५ ते ४० मध्ये. कधी काळी ‘जोरात बॅग मारा, सूज उतरेल’, म्हणजे श्वासाचा फुगा भराभर दाबा, असं सर्रास चालायचं. आजही रुग्णवाहिकेतून सीटीपर्यंत नेताना घाबरलेला मुलगा मिनिटाला तीस वेळा बॅग दाबताना दिसतो. त्याला थांबवणं हे माझ्या राउंडमधलं कायमचं काम आहे.

लंडनहून आलेला युरिया

कवटी म्हणजे झाकण घट्ट बसलेला डबा. एडिनबरोचे मन्रो आणि केली यांनी अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला मांडलेला हा विचार आजही जसाच्या तसा लागू आहे. डब्यात मेंदू साधारण ८० टक्के, रक्त १० आणि मेंदूभोवतीचं पाणी १०. एक वाढलं की दुसऱ्यानं जागा द्यायची. आधी पाणी सरकतं, मग शिरांतलं रक्त. हे दोन्ही संपले की थोडीशी सूजसुद्धा दाब एकदम वर नेते, आणि मेंदू खालच्या भोकाकडे ढकलला जातो, जिथे श्वासाचं केंद्र आहे.

लँडाउंच्या मेंदूला सूज चढू लागली. त्या काळी त्यावर एक नवं औषध आलं होतं, शिरेतून द्यायचा युरिया. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मनुचेर जाविद यांनी १९५६ मध्ये त्याचा वापर दाखवला होता. रक्तात युरिया दाट झाला की मेंदूतलं पाणी रक्ताकडे ओढलं जातं आणि लघवीवाटे निघून जातं. कैरीच्या फोडींवर मीठ टाकून ठेवलं की तळाला पाणी सुटतं, तसलाच प्रकार. शिरेतून देण्याजोगा शुद्ध युरिया मॉस्कोत हाताशी नव्हता. लँडाउ ज्या संस्थेत काम करत तिचे संचालक प्योत्र कापित्सा यांनी परदेशी शास्त्रज्ञांना तारा केल्या: लंडनला पॅट्रिक ब्लॅकेट, कोपनहेगनला नील्स बोर, पॅरिसलाही. शीतयुद्ध ऐन भरात होतं, क्युबाचा पेच त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उभा राहायचा होता. आणि तरी पश्चिमेकडून विमानांनी औषधाच्या पेट्या मॉस्कोत उतरल्या. प्रागहूनही औषध आलं.

युरियाचे तोटेही होते. द्रावण ऐनवेळी तयार करावं लागे, शिरेबाहेर सांडलं तर कातडी सडे, आणि तो हळूहळू मेंदूतच शिरत असल्यानं काही तासांनी सूज पुन्हा उलटून येई. म्हणून लवकरच मॅनिटॉल या तसंच पाणी ओढणाऱ्या औषधानं त्याची जागा घेतली. आज आम्ही २० टक्क्यांचं मॅनिटॉल देतो, वजनाच्या किलोमागे पाव ते एक ग्रॅम, नाहीतर ३ टक्क्यांचं मिठाचं पाणी. रक्तदाब ढासळलेल्या रुग्णात मी मिठाच्या पाण्याकडे झुकतो, कारण मॅनिटॉल लघवीवाटे शरीरच कोरडं करतं. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाला, दाब वाढलेला असो वा नसो, दर आठ तासांनी मॅनिटॉलची बाटली लावलेली असते आणि नातेवाईकही विचारतात, ‘डॉक्टर, सुजेची बाटली चालू आहे ना?’ सलाइनशिवाय ताप उतरत नाही म्हणतात त्यातलंच हे. दाब वाढल्याची खूण नसेल तर ती बाटली रुग्णाच्या किडनीला आणि रक्तदाबाला भारी पडते.

बरं, दाब वाढला हे कळायचं कसं? स्वीडनच्या लुंडबर्ग यांनी १९६० मध्ये मेंदूच्या पोकळीत नळी ठेवून दाब सतत मोजण्याचं काम प्रसिद्ध केलं होतं, पण ते रोजच्या वापरात यायला अजून वेळ होता. आज आकडे ठरलेले आहेत: दाब २२ मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला तर उपचार करा, आणि सरासरी रक्तदाबातून हा दाब वजा केला की उरणारा आकडा ६० ते ७० मध्ये ठेवा. गंमत अशी की २०१२ मध्ये बोलिव्हिया आणि इक्वाडोरच्या ३२४ रुग्णांवरचा अभ्यास आला. निम्म्यांचे उपचार दाब मोजून केले, निम्म्यांचे तपासणी आणि सीटी बघून. निकालात फारसा फरक पडला नाही. याचा अर्थ मॉनिटर निरुपयोगी आहे असा मी घेत नाही. तपासणारा माणूस दर तासाला खाटेशी उभा असेल तर मॉनिटरशिवायही खूप काही साधतं, असा घेतो. आणि पन्नास नंबरमध्ये तो माणूस होता. सर्गेई फ्योदोरोव्ह हे न्यूरोसर्जन त्या काळात रुग्णालयातच मुक्काम ठोकून होते.

चार वेळा मृत्यू?

लँडाउ ‘चार वेळा मेले आणि चार वेळा जिवंत झाले’ हे वाक्य त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात असतं. त्यावर थोडं थांबायला हवं, कारण आमच्याकडे हेच वाक्य वेगळ्या प्रसंगी ऐकू येतं.

सोव्हिएत वैद्यकात व्लादिमीर नेगोव्स्की यांनी ‘क्लिनिकल डेथ’ ही संकल्पना रुजवली होती. हृदय आणि श्वास थांबला आहे, पण काही मिनिटांत प्रयत्न केले तर परतता येईल, अशी ती अवस्था. लँडाउंच्या बाबतीत तो शब्द त्या अर्थानं आहे. मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदू आणि त्याचं खोड कायमचं बंद पडणं, ही निराळी गोष्ट. तिचे निकष हार्वर्डच्या समितीनं मांडले ऑगस्ट १९६८ मध्ये, लँडाउ गेले त्याच वर्षी, आणि आपल्या देशात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं तिला मान्यता दिली. मेंदूमृत्यू जाहीर करायची वेळ आली की एखादे काका मोबाइलवर वाचून येतात, ‘रशियात एक शास्त्रज्ञ चार वेळा मेला होता म्हणे.’ त्यांना हटकून गप्प करण्यात अर्थ नसतो. मी शेजारी बसून सांगतो, काका, त्यांचं हृदय थांबलं होतं, मेंदूचं खोड जिवंत होतं. आपल्या पेशंटचं उलट आहे.

भौतिकशास्त्रज्ञांची कचेरी

या प्रकरणातला मला सगळ्यात भावणारा भाग औषधांचा नाही. अपघाताची बातमी पसरली तशी मॉस्कोतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी रुग्णालयातच ठाण मांडलं. ऐंशीहून जास्त माणसं, चोवीस तास पाळ्या लावलेल्या. कुणी टेलिफोनवर, कुणी गाडी घेऊन दारात उभा, कुणी विमानतळावर, कुणी डॉक्टरांना घरून आणायला-सोडायला. यांतले कितीतरी जण लँडाउंच्या हाताखाली घडलेले किंवा त्यांच्याशी कडाकडा भांडलेले.

आपल्याकडे आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर अख्खं गाव बसलेलं असतं. त्या गर्दीचा आम्हाला त्रास होतो हे खरं. पण त्यातला एक माणूस रक्त आणायला, एक औषधांना, एक योजनेच्या कागदांना आणि एकच डॉक्टरांशी बोलायला, असं कुणी वाटून दिलं की तीच गर्दी हात बनते. एवढं वाटून द्यायचं काम आमच्याकडची एक जुनी सिस्टर करते, आणि ते माझ्या कुठल्याही ऑर्डरपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

कारण पहिले चार-पाच दिवस सरले की लढाईचं रूपच पालटतं. आता शत्रू असतो न्यूमोनिया, लघवीतला जंतुसंसर्ग, पाठीवरची जखम, आक्रसलेले सांधे, पायातल्या शिरेतली गुठळी. दर दोन तासांनी कूस बदलायची, गळ्याच्या नळीतला कफ खेचायचा, तोंड पुसायचं, डोळ्यांची बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून पापण्या झाकायच्या, डोक्याकडची बाजू तीस अंश उचललेली ठेवायची. नाकातल्या नळीतून पातळ आहार लवकर सुरू करून आठवड्याच्या आत पूर्ण मात्रेवर आणायचा. दीड-दोन महिने बेशुद्ध असलेला, फासळ्या आणि पेल्व्हिस मोडलेला माणूस जेव्हा जगतो, तेव्हा त्यामागे कुण्या परिचारिकांचे हजारो वेळा केलेले हेच हात असतात. परदेशी सर्जनांची नावं छापून आली. या बायकांची नावं कुठे सापडत नाहीत.

न केलेली शस्त्रक्रिया

सल्ल्यासाठी आले ते खरोखर मोठे लोक: प्रागहून झ्देनेक कुन्त्स, पॅरिसहून गार्सॅं आणि ग्यो, आणि माँट्रिअलहून वाइल्डर पेनफिल्ड, तेव्हाच्या जगातलं न्यूरोसर्जरीतलं बहुधा सर्वांत मोठं नाव. पेनफिल्ड आले तोवर आठवडे उलटले होते. शस्त्रक्रिया करून आत बघावं का, हा प्रश्न समोर होता. त्यांनी रुग्ण पाहिला, भान परतत असल्याच्या खुणा पाहिल्या, आणि मोठी शस्त्रक्रिया झाली नाही.

सात समुद्र ओलांडून आलेल्या सर्जननं ‘काही करू नका’ म्हणणं किती अवघड असतं, हे व्हीआयपी रुग्ण हाताळलेल्या कुणालाही कळेल. मंत्र्यांचा फोन येतो, चार कन्सल्टंट जमतात, प्रत्येकाला आपली एक भर घालायची असते. माझा अनुभव असा की मोठ्या माणसावर उपचार जास्त होतात आणि बरे कमी.

सुजेसाठी कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवण्याची शस्त्रक्रिया आज आपल्याकडे बरीच होते. तिच्याविषयी दोन मोठे अभ्यास आहेत. २०११ च्या पहिल्यात पसरलेल्या सुजेसाठी लवकर कवटी उघडली, दाब उतरला, पण रुग्ण उलट जास्त अपंग राहिले. २०१६ च्या दुसऱ्यात सगळी औषधं थकल्यावर शेवटचा उपाय म्हणून ती केली. सहा महिन्यांनी मृत्यू ४८.९ टक्क्यांवरून २६.९ टक्क्यांवर आले. पण नुसते डोळे उघडून पडलेले, भान नसलेले रुग्ण २.१ टक्क्यांवरून ८.५ टक्के झाले. संमतीपत्रावर सही घेताना पहिला आकडा सगळे सांगतात. दुसरा सांगायला खुर्ची ओढून बसावं लागतं, म्हणून तो पुष्कळदा राहून जातो.

स्टेरॉइडचीही तीच कथा. सूज म्हणजे स्टेरॉइड, असं दशकानुदशकं चालत आलं. २००४ मध्ये दहा हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला. स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत २१.१ टक्के गेले, न दिलेल्यांत १७.९. तरीही रेफर होऊन आलेल्या चिठ्ठीवर मला आजही डेक्सा हे स्टेरॉइड लिहिलेलं दिसतं.

नंतर

फेब्रुवारीत त्यांना बुर्देन्को न्यूरोसर्जरी संस्थेत हलवलं. एप्रिलमध्ये बोलणं फुटलं. त्याच वर्षी संघनित पदार्थ (म्हणजे घन आणि द्रव) आणि विशेषतः द्रवरूप हेलियमच्या सिद्धांतासाठी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, आणि स्टॉकहोमचा प्रवास शक्य नसल्यानं स्वीडनच्या राजदूतांनी डिसेंबरमध्ये ते मॉस्कोतच, रुग्णालयात, त्यांच्या हाती दिलं.

पुढे ते घरी आले, चालू लागले, माणसं ओळखत, जुनं आठवे, कविता म्हणत. नुकतंच घडलेलं मात्र टिकत नसे. ज्या माणसाच्या तोंडी परीक्षेची धास्ती दोन पिढ्यांनी घेतली होती, त्याला नवं भौतिकशास्त्र पुन्हा कधी करता आलं नाही. जेनेट आणि बाँड यांनी १९७५ मध्ये बरं होण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्या मोजपट्टीवर लँडाउ तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या मधे कुठेतरी बसतील. तिसरी म्हणजे रोजच्या जगण्याला दुसऱ्याचा आधार लागणारा, चौथी म्हणजे स्वतःचं करू शकणारा, पण आधीच्या कामावर न परतलेला. ‘पेशंट वाचेल ना?’ या प्रश्नाला मी आता नुसतं हो किंवा नाही असं उत्तर देत नाही. वाचला तर कसा, हे त्याच वाक्यात सांगतो. रागावतात लोक. सहा महिन्यांनी फिजिओथेरपीला येतात तेव्हा मात्र तेच वाक्य त्यांना आठवत असतं.

त्या सहा वर्षांत त्यांची सततची तक्रार होती पाय दुखतो, पोट दुखतं. डोक्याच्या रुग्णाचं दुखणं ‘डोक्यातलंच’ समजून बाजूला सारण्याचा मोह फार मोठा असतो. स्मरण बिघडलेला माणूस नेमकं काय होतंय हे सलग सांगू शकत नाही, तीच तक्रार दिवसातून दहा वेळा करतो, आणि ऐकणाऱ्याचा कान बधिर होतो. मार्च १९६८ च्या शेवटच्या आठवड्यात आतडं अडल्यामुळे त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली. काही दिवस ते सावरताहेत असं वाटलं. १ एप्रिलला रक्ताच्या गुठळीनं ते गेले. साठी पूर्ण होऊन दोन महिने झाले होते.